एक बाटली, आठ पेले

मराठी समाजात माणसाचा सन्मान करण्याची रीत ठरलेली आहे. व्यासपीठ, त्यावर पांढऱ्या चादरीने झाकलेले टेबल, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ आणि ध्वनिक्षेपकाशी थोडी झटापट करून झाल्यावर वाचले जाणारे मानपत्र असा तो सोहळा असतो. त्याचे निमित्त बहुतेक वेळा वय तरी असते, म्हणजे साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन, नाहीतर कर्तृत्व तरी, म्हणजे पदवी, पुरस्कार, निवृत्ती किंवा निवडणुकीतला विजय. माणूस वागायला सरळ आहे, दिलेला शब्द पाळतो, अडीअडचणीला न बोलावता येतो, एवढ्याच कारणासाठी त्याला कोणी शाल पांघरल्याचे सहसा दिसत नाही. या गुणांचा उच्चार होतो तो शोकसभेत, म्हणजे ज्याने ऐकायचा तो ऐकण्यापलीकडे गेल्यावर.

‘कौतुक’ हा यंदाच्या अंकाचा विषय ठरल्यावर इंग्लंडमधील मिल्टन कीन्सकडे लक्ष वळले ते याच उणिवेमुळे. लंडनच्या युस्टन स्थानकातून आगगाडीने पाऊण तासाच्या आत गाठता येणाऱ्या या शहरात माहिती-तंत्रज्ञान, रेल्वे, बँका, रुग्णालये आणि विद्यापीठ यांच्या नोकऱ्यांनी मराठी कुटुंबांना आणून वसवले आहे. व्यासपीठाची परंपरा त्यांच्याही पाठीशी आहे, कारण लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे असून सत्कार, व्याख्याने आणि नाटके यांची घडी त्याने केव्हाच बसवून दिली आहे. पण घरगुती वर्तुळात सत्काराचा आणखी एक प्रकार पाहायला मिळतो. त्यात सात-आठ जण एका टेबलाभोवती बसतात, येताना प्रत्येक घर एक चांगली वाईन आणते, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो मित्र बऱ्याचदा जेवण निम्मे होईपर्यंत स्वतःच्या सत्कारापासून अनभिज्ञ असतो.

कोणाचा सत्कार

परदेशात वसलेल्या कुटुंबाला नातेवाइकांचे जाळे नसते, त्यामुळे गावी जे काम आत्या, मामा आणि शेजारची काकू आपोआप करतात ते इथे कोणीतरी ठरवून करावे लागते. नव्याने आलेल्या जोडप्याला पहाटे हीथ्रोहून घेऊन येणे, घरभाड्याच्या करारावर जामीन म्हणून सही करणे, शाळाप्रवेशाचे अर्ज भरून देणे, बाळंतपणात आई-सासूचा व्हिसा लांबला तर दोन आठवडे डबा पोहोचवणे, कुटुंब भारतात गेले की त्यांच्या घराची किल्ली सांभाळून कुंड्यांना पाणी घालणे, अशी ही कामे आहेत. त्यांची नोंद कुठल्याही इतिवृत्तात होत नाही. प्रत्येक मित्रमंडळात एखादा असा माणूस असतो की ही कामे फिरून फिरून त्याच्याच दारी येतात आणि तो ती कुरकुर न करता करतो. मंडळाचा अध्यक्ष मात्र तो क्वचितच असतो.

अशा माणसाला शाल दिली तर तो संकोचतो, आणि त्याच्याविषयी भाषण केले तर उठून स्वयंपाकघरात जातो. बाटलीचा उपयोग इथे होतो. नजर बाटलीवर राहते, बोलणे तिच्यापासून सुरू होते, आणि माणसाविषयी जे म्हणायचे ते दोन घोटांच्या मध्ये, कोणाकडे रोखून न पाहता म्हणता येते.

सरळ रस्ते आणि लाल वाटा

२३ जानेवारी १९६७ रोजी सरकारने नवनगर म्हणून जाहीर केलेले हे शहर आधी कागदावर आखले गेले आणि मग बांधले गेले. ब्लेचली, वुल्व्हर्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड ही जुनी गावे पोटात घेऊन सुमारे एकेक किलोमीटर अंतरावर आडव्या-उभ्या रस्त्यांची जाळी टाकण्यात आली. आडव्या रस्त्यांना ‘एच’ आणि उभ्यांना ‘व्ही’ असे क्रमांक मिळाले, आणि ते जिथे छेदतात तिथे बहुधा सिग्नलाऐवजी वर्तुळाकार चौक आले. २०२२ साली या शहराला ‘सिटी’ हा औपचारिक दर्जा मिळाला. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २ लाख ८७ हजार भरली होती.

हा नगररचनेचा तपशील जेवणाच्या लेखात अस्थानी वाटेल, पण वाईनच्या जेवणाचे पहिले नियोजन रस्त्यापासूनच सुरू होते. जाळीतल्या अनेक रस्त्यांवर ताशी साठ ते सत्तर मैलांची मुभा आहे, रात्री साडेअकराला घरी परतायचे तर मोटार ही इथली सवय आहे, आणि इंग्लंडमध्ये वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. भारतातील मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणजे कितीतरी कडक आहे. इंग्लंडच्या कायद्यातली ही सैल मर्यादा गाठेपर्यंत प्यावे असा तिचा अर्थ कोणी शहाणा माणूस घेत नाही, आणि म्हणून प्रत्येक जोडप्यात ‘आज गाडी कोणाकडे’ हा प्रश्न आमंत्रणाच्या दिवशीच सुटलेला असतो.

दुसरा मार्ग लाल वाटांचा आहे. नगररचनाकारांनी मोटारींच्या जाळीपासून अलग, तांबूस डांबराच्या पायवाटा आणि सायकलवाटा सर्व वस्त्यांतून फिरवल्या. त्यांना ‘रेडवे’ म्हणतात आणि त्यांची एकूण लांबी अडीचशे किलोमीटरांहून अधिक आहे. शेजारच्या वस्तीतल्या घरी जेवण असेल तर पुलाखालून, तळ्याकाठाने, एकही मोठा रस्ता न ओलांडता पायी परतता येते. सत्काराचे जेवण कोणाच्या घरी ठेवायचे हे ठरवताना यजमानाच्या दिवाणखान्याच्या आकाराइतकाच या वाटांचा विचार होतो.

बाटलीचे गणित

वाईनची प्रमाण बाटली ७५० मिलिलिटरची असते. आठ पेल्यांत ती समान वाटली तर प्रत्येकाला सुमारे ९४ मिलिलिटर येते, म्हणजे ब्रिटनमधील परवानाधारक जागांत मिळणाऱ्या १२५ मिलिलिटरच्या लहान मापाहूनही कमी. टेबलाभोवती आठच माणसे बसवण्यामागचे खरे कारण हे आहे. दहा-बारा माणसे झाली तर चव कळण्याआधी पेला रिकामा होतो, आणि चारच असली तर सहा बाटल्या संपवण्याचा अविचार घडतो. आठ जणांत सहा बाटल्या म्हटल्या तरी माणशी ५६० मिलिलिटर होतात. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत शुद्ध अल्कोहोलचे १० मिलिलिटर म्हणजे एक ‘युनिट’ आणि आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये असा सल्ला आहे. १३ टक्क्यांच्या वाईनचे ५६० मिलिलिटर सात युनिटांच्या पलीकडे जातात, म्हणजे अर्धा आठवडा एका संध्याकाळी संपतो. जाणकार यजमान म्हणूनच चार बाटल्यांवर थांबतो आणि पाण्याचा जग दर वाईनगणिक फिरवतो.

उंची वाईन म्हणजे नुसती महाग वाईन नव्हे. जिच्या चवीत विशिष्ट मळ्याची माती आणि विशिष्ट वर्षाचे हवामान ओळखू येते, आणि जी बाटलीत राहून काही वर्षे सुधारत जाते, ती उंची, असा या शब्दाचा जाणकारांतला अर्थ आहे. तिची किंमत ब्रिटनमध्ये कशी बनते हेही समजून घेण्याजोगे आहे, कारण आणणारा काय आणतो ते त्यावर ठरते. ऑगस्ट २०२३ पासून तिथला मद्यकर वाईनच्या तीव्रतेनुसार आकारला जाऊ लागला. बाटलीच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दराने १३ टक्क्यांच्या बाटलीवर जवळपास २.९ पौंड कर बसत होता, मग ती ८ पौंडांची असो की ८० पौंडांची, आणि वरून २० टक्के मूल्यवर्धित कर असतो. ८ पौंडांच्या बाटलीत निम्म्याहून अधिक रक्कम सरकारजमा होते आणि काच, बूच, वाहतूक व दुकानदाराचा नफा वजा जाता प्रत्यक्ष द्राक्षरसाच्या वाट्याला चिल्लर उरते. २४ पौंडांच्या बाटलीत हेच दोन कर मिळून ३० टक्क्यांच्या आत राहतात. महिन्याच्या हिशेबात काटकसर करणारे मराठी घर वर्षातून एकदा पंचवीस पौंडांची बाटली घेते तेव्हा ते उधळपट्टी करत असते असे नाही. चार स्वस्त बाटल्यांतून जेवढी वाईन विकत मिळाली नसती तेवढी ते एकीतून घेत असते.

नाशिकची बाटली टॉवेलात

टेबलावर एक तरी बाटली महाराष्ट्रातली असावी असा अलिखित आग्रह दिसतो, आणि त्याला केवळ गावाकडची ओढ म्हणून सोडून देता येत नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने बुडबुड्यांची वाईन बनवली तेव्हा ती ‘ओमर खय्याम’ या नावाने ब्रिटनमध्येही विकली गेली, म्हणजे मराठी मातीतल्या वाईनचा इंग्लंडशी संबंध आज घडलेला नाही. त्यानंतर नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाने २००० साली पहिला हंगाम बाजारात आणला, २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आखले, अकलूजला मोहिते-पाटील घराण्यातील भावांनी इटालियन भावांशी भागीदारी करून ‘फ्रातेली’ उभी केली आणि २०१० साली नाशिक खोऱ्यातील वाईनला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ब्रिटनमधील दुकानांत या वाईन तुरळक मिळतात, त्यामुळे त्या बहुधा सुट्टीवरून परतताना सामानातून येतात. ग्रेट ब्रिटनमध्ये प्रवेश करणाऱ्या प्रौढ प्रवाशाला १८ लिटर साधी वाईन करमुक्त आणता येते, म्हणजे चोवीस बाटल्या. पण भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते आणि त्याच बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला व आईने दिलेले लोणचे बसवायचे असते, त्यामुळे कायदा चोवीस म्हणत असला तरी वजनकाटा दोनच मान्य करतो. या दोन बाटल्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कपड्यांच्या अगदी मध्यभागी ठेवल्या जातात. सत्काराच्या रात्री टेबलावर आलेली अकलूजची लाल वाईन शेजारच्या फ्रेंच बाटलीपुढे कशी ठरते यावर वाद होतो. निकाल फ्रेंच बाटलीच्या बाजूने लागला तरी आधी संपते ती अकलूजचीच, याची नोंद घ्यायला हवी.

पिठल्यापुढे काय

मराठी जेवण आणि वाईन यांचे जमत नाही, हा समज अर्धवट खरा आहे. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि लाल वाईनमधला तुरटपणा, जो द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येतो, तिखटापुढे कडवट होतो. म्हणून तांबड्या रश्शापुढे पंधरा टक्क्यांची दणकट लाल वाईन ठेवणे हा दोघांवरही अन्याय आहे. उपाय मात्र सोपा आहे. तिखटाला कमी अल्कोहोलची, किंचित गोड आणि भरपूर आंबट पांढरी वाईन चालते, जर्मनीतील रीसलिंग द्राक्षाची हलकी वाईन त्यासाठी हुकमी समजली जाते. कोथिंबीरवडी आणि अळूवडीच्या तळलेल्या कडांना बुडबुड्यांची वाईन छान लागते, कारण तिचा आंबटपणा व वायू तेलाचा थर जिभेवरून धुऊन काढतात. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणापुढे सोव्हिन्यों ब्लाँ द्राक्षाचा हिरवा, गवताळ वास परका वाटत नाही. पुरणपोळीशी झगडायला कोरडी वाईन उतरवू नये. उशिरा तोडलेल्या, वेलीवरच सुकत आलेल्या शेनँ ब्लाँच्या द्राक्षांची गोड वाईन तिच्या शेजारी बसते. पिठल्याचा प्रश्न मात्र कोणालाच सुटलेला नाही, आणि तो सोडवण्याचा हट्ट न धरणे हेच शहाणपणाचे.

वाढण्याचा क्रमही ठरलेला असतो. बुडबुड्यांची आधी, मग पांढरी, मग हलकी लाल, मग जड लाल, आणि गोड शेवटी. उलट क्रमाने गेल्यास नाजूक वाईन जड वाईननंतर पाण्यासारखी लागते.

जिन्याखालचे कपाट

इंग्लंडमधील बहुतेक दुमजली घरांत जिन्याखाली एक उतरत्या छताचे कपाट असते. झाडू, इस्त्रीचे टेबल आणि विजेचा मीटर यांच्या मागे तिथे अंधार असतो व तापमान घराच्या मानाने स्थिर राहते, म्हणून मराठी घरात लोणच्याच्या बरण्या आणि आडव्या ठेवलेल्या वाईनच्या बाटल्या या एकाच कपाटात येऊन पडतात. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओले राहावे म्हणून. ते सुकले तर आकसते, हवा आत शिरते आणि वाईन बिघडते. लोणचे आणि वाईन या दोन्हींच्या बाबतीत मराठीत शब्द एकच आहे तो म्हणजे मुरणे. लाल वाईन काही वर्षे मुरली की तिचा तुरटपणा नरम होतो, रंग जांभळ्याकडून विटकरीकडे जातो, ताज्या फळाच्या वासाच्या जागी सुके अंजीर, चामडे, पावसानंतरचा पाचोळा असे वास येतात. माणसाच्या बाबतीत ‘मुरलेला’ हे विशेषण मराठीने राजकारणी आणि कारकुनांसाठी राखून ठेवले आहे आणि त्यात कौतुकापेक्षा सावधगिरी अधिक आहे, ही भाषेची थोडी कुचंबणा म्हणावी लागेल. कारण चांगुलपणाही मुरावाच लागतो.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार केले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. तिसरीला वेळ लागतो हे सांगताना त्याने, बरोबर बसून पुरेसे मीठ खाल्ल्याखेरीज माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, अशा आशयाच्या तत्कालीन म्हणीचा आधार घेतला आहे. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या मराठी वाचकाला ही म्हण परकी वाटू नये.

बारा-पंधरा वर्षे जुनी बाटली उघडणे हे जेवणातले सर्वांत नाजूक काम असते. ती आदल्या दिवशी उभी करून ठेवतात, म्हणजे कडेला साचलेला गाळ तळाशी बसतो. गळ्यावरचे वेष्टन कापले की बुचाच्या डोक्यावर काळसर बुरशी दिसते, ती ओल्या फडक्याने पुसायची. जुने बूच ठिसूळ असते, त्यामुळे मळसूत्र सरळ आणि सावकाश उतरवून, हिसका न देता, बोटाने आधार देत वर घ्यायचे. अर्धे तुटलेच तर उरलेले तिरपे धरून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि तेही फसले तर आत ढकलून चहाच्या गाळणीतून ओतायचे. ओतताना बाटलीच्या गळ्यामागे मेणबत्ती किंवा हल्ली मोबाइलची बत्ती धरतात. वाईन काचेच्या भांड्यात एका अखंड धारेने जाते, आणि गाळाची पहिली काळी रेघ गळ्याशी दिसताच हात थांबतो. तळाशी दोन-तीन चमचे उरतात. त्यांचा मोह धरायचा नसतो.

सगळे नीट करूनही बाटली दगा देऊ शकते. बुचातील एका संयुगामुळे वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीचा वास येतो. ते आरोग्याला अपायकारक नसते, पण त्यावर इलाजही नसतो, आणि दहा वर्षे जपलेली वस्तू बेसिनमध्ये ओतावी लागते. म्हणून जपणारा नेहमी एक राखीव बाटली घेऊन येतो.

न पिणारा सत्कारमूर्ती

या जेवणात सन्मान होतो तो माणसाच्या शीलाचा. पण ‘शील’ हा शब्द उच्चारला की मराठी मनात पंचशील येते, आणि पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचतो. राम गणेश गडकरींचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले तेव्हापासून पेला आणि सर्वनाश यांचे नाते मध्यमवर्गीय मराठी घरात पक्के बसले आहे, आणि ज्या घरांनी दारूपायी खरोखर काही गमावले आहे त्यांच्यापुढे उंची-स्वस्त हा भेद मांडणे उद्धटपणाचे ठरेल. महाराष्ट्रात आजही मद्यपानासाठी कायद्याने परवाना लागतो.

मिल्टन कीन्सच्या विलेन तळ्याकाठी निप्पोन्झान म्योहोजी या जपानी बौद्ध संघाने १९८० साली बांधलेला शांतिस्तूप आहे. पाश्चात्त्य जगातला तो अशा प्रकारचा पहिला मानला जातो. पांढऱ्या घुमटाच्या त्या वास्तूपासून पायी अंतरावर, शीलाच्या सन्मानार्थ वाईनची बूचे निघावीत, यातला विरोध कोणाच्याही ध्यानात येण्यासारखा आहे.

घरगुती व्यवहारात त्याची सोडवणूक होते ती अशी. सत्कारमूर्ती पीत नसेल तर त्याच्यापुढे तसाच उंच दांड्याचा पेला येतो आणि त्यात कोकम सरबत, सफरचंदाचा गाळीव रस किंवा अल्कोहोल काढलेली वाईन तितक्याच निगुतीने ओतली जाते. ‘घ्या हो थोडीशी, आजच्या दिवस’ हा आग्रह, जो लग्नाच्या पंगतीत जिलबीबाबत क्षम्य असतो, तो इथे वर्ज्य आहे. बाटलीचा इतिहास त्याला सांगितला जातो, पेला हुंगायला दिला जातो, आणि बऱ्याच न पिणाऱ्यांचे नाक पिणाऱ्यांपेक्षा तल्लख निघते.

अथेन्समधले जेवण

मित्राच्या शीलाचे कौतुक वाईनच्या साक्षीने करण्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला इसवी सनपूर्व ४१६ मधल्या एका जेवणाचा आहे. नाटककार आगाथॉनच्या पारितोषिकानिमित्त त्याच्या घरी जमलेल्या पाहुण्यांना आदल्या रात्रीचे जड झाले होते, म्हणून वैद्य एरिक्सिमाखसच्या सल्ल्याने प्रत्येकाने झेपेल तेवढेच प्यावे आणि प्रेमावर भाषणे करावीत असे ठरले. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात ही हकिकत येते; या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘एकत्र पिणे’ असा आहे, आणि आज तो विद्यापीठांतल्या कोरड्या परिसंवादांना लावला जातो. ग्रीक लोक वाईनमध्ये पाणी मिसळून पीत, निव्वळ पिणे रानटीपणाचे मानीत, आणि किती पाणी घालायचे हे ठरवण्यासाठी एका पाहुण्याला त्या रात्रीचा प्रमुख नेमीत.

त्या शिस्तीत उशिरा, झिंगलेल्या अवस्थेत सॉक्रेटिसचा मित्र अल्सिबायडीस शिरतो, वाईन थंड ठेवण्याचे मोठे भांडेच तोंडाला लावतो आणि प्रेमाऐवजी सॉक्रेटिसवर बोलतो. त्याचा चिवटपणा, रणांगणात जखमी मित्राला सोडून न जाणे, बर्फात अनवाणी चालणे, कितीही प्यायला तरी कधी न झिंगणे, हे सारे तो सांगतो. पूर्वनियोजित भाषणे आधीच झालेली असतात, पण वाचकाच्या लक्षात राहते ते हे बेशिस्त भाषण. सॉक्रेटिस ऐकून घेतो आणि शेवटी ते सगळे थट्टेवारी नेतो.

मिल्टन कीन्समधल्या टेबलावर अल्सिबायडीस येऊ नये याची काळजी चार बाटल्यांचा नियम घेतो, पण त्याच्या भाषणाची सर येईल असे काहीतरी तिसऱ्या पेल्याच्या आसपास घडते. कोणीतरी मध्येच म्हणते, ‘अरे, त्या बर्फाच्या रात्री तू आला नसतास तर…’ आणि वाक्य अर्धवट राहते, कारण सत्कारमूर्ती घाईघाईने विचारतो की ही बाटली कुठल्या सालची. पाठोपाठ दुसऱ्याला किल्लीची गोष्ट आठवते, तिसरीला डब्याची. अध्यक्षीय समारोप होत नाही. मानपत्राऐवजी रिकाम्या बाटलीचे लेबल कोमट पाण्यात भिजवून सोडवतात, त्याच्या मागे आठही जण सही करतात आणि ते वाळायला रेडिएटरवर ठेवून देतात.

उंच दांड्याचे पेले यंत्रात घालत नाहीत, हाताने धुतात, आणि ते काम रात्रीचे सगळे गेल्यावर यजमानाने करायचे असा संकेत आहे. तो बहुधा मोडला जातो. पाहुणे कोट चढवत असताना स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येतो, आणि आत जाऊन पाहावे तर ज्याचा सत्कार झाला तोच बाह्या सरसावून सिंकपाशी उभा असतो, धुतलेला पेला दिव्यासमोर धरून त्यावरचा डाग निघाला की नाही ते बघत.